समाजऋण आणि व्यवसायधर्म

(श्रींच्या वर्धापनोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



देवळाच्या सभामंडपात पुराण चालावे, कीर्तन रंगावे, हे परंपरेला धरून होय. त्याच मंडपात कंपन्यांच्या कायद्याचा आणि उद्योगधंद्यांच्या नफातोट्याचा विषय निघावा, हे कित्येकांना प्रथमदर्शनी वावगे वाटण्याचा संभव आहे. परंतु थोडा विचार केला असता हा विषय महाजनांना परका नाही, असेच दिसून येईल. देवस्थान ही मुळात एक संस्था आहे. तिच्याकडे जमीनजुमला असतो, कुळागरे असतात, दागदागिने असतात, वार्षिक उत्पन्न असते; आणि ह्या सर्वांची मालकी देवाची असते. महाजन हे केवळ राखणदार. देवस्थानचा कारभार नियमबद्ध करणारा माझानियांचा कायदा पोर्तुगीज अमदानीत १८८६ साली झाला आणि १९३३ साली त्याचे नवे रूप आले. तेव्हापासून अध्यक्ष, मुखत्यार आणि खजिनदार ह्यांना अंदाजपत्रक मांडावे लागते, पैपैचा हिशेब द्यावा लागतो. दुसऱ्याचे धन आपल्या हातात आहे, ही जाणीव ज्या समाजाच्या अंगवळणी पडली आहे, त्याला उद्योगपतींच्या सामाजिक दायित्वाचा अर्थ सांगण्यास फार आटापिटा करावा लागू नये.

अलीकडे वृत्तपत्रांत दोन शब्द वारंवार वाचावयास मिळतात. पहिला कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे उद्योगसंस्थेचे सामाजिक दायित्व. दुसरा सस्टेनेबिलिटी, म्हणजे शाश्वतता. दुसऱ्या शब्दाला जगभर प्रतिष्ठा मिळाली ती १९८७ साली. नॉर्वेच्या पंतप्रधान श्रीमती ब्रुंटलँड ह्यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त राष्ट्रसंघाने नेमलेल्या आयोगाने त्या वर्षी आपला अहवाल सादर केला. आजच्या पिढीने आपल्या गरजा अवश्य भागवाव्यात, परंतु पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागविता येऊ नयेत अशी अवस्था मात्र करू नये, हे त्या अहवालाचे सार. ज्या समाजात वडिलांनी लावलेल्या माडाचे नारळ मुलाने खावेत आणि मुलाने नातवासाठी नवा माड लावावा असा परिपाठ आहे, त्याला ह्या व्याख्येत नवे असे काय आहे? नवी आहे ती तिची आवश्यकता. पूर्वी जे सवयीने होत असे, ते आता कायद्याने करवून घेण्याची वेळ आली आहे.

हा कायदा नेमका काय सांगतो, हे थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. भारताच्या संसदेने २०१३ साली नवा कंपनी कायदा संमत केला. त्याच्या १३५व्या कलमाचा अंमल १ एप्रिल २०१४ पासून सुरू झाला. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक, किंवा उलाढाल १००० कोटी किंवा त्याहून अधिक, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्च केले पाहिजेत. शिक्षण, आरोग्य, भूकनिर्मूलन, पर्यावरणरक्षण, वारशाचे जतन इत्यादी कार्यांची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात दिलेली आहे. कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही म्हटले आहे. आरंभी हा खर्च न करणाऱ्यांना कारण सांगून सुटका करून घेता येई. २०२१ सालापासून ती वाट बरीचशी बंद झाली. न खर्चलेली रक्कम ठरावीक निधीत भरावी लागते, किंवा चालू प्रकल्पासाठी निराळ्या खात्यात ठेवावी लागते. २०१४-१५ साली ह्या वाटेने सुमारे दहा हजार कोटी रुपये खर्च झाले. २०२२-२३ साली हा आकडा तीस हजार कोटींच्या घरात गेला. ही रक्कम लहान नव्हे. तिच्यातून शाळांना इमारती मिळाल्या, इस्पितळांना यंत्रे मिळाली, खेड्यांना पाणी मिळाले. ह्या कार्याचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तथापि येथेच एक प्रश्न उभा राहतो. शंभर रुपये नफा झाला, त्यातील दोन रुपये समाजाला दिले, ह्याचा हिशेब हे कलम मागते. उरलेले अठ्ठ्याण्णव रुपये कोणत्या मार्गाने मिळाले? ते मिळविताना कोणाच्या विहिरीचे पाणी आटले, कोणाच्या शेतात गाळ गेला, कोणत्या कामगाराच्या फुप्फुसात धूळ साचली? १९७४ चा जलप्रदूषणविषयक कायदा आणि १९८६ चा पर्यावरणरक्षण कायदा हे प्रश्न विचारतात, परंतु त्यांचे उत्तर देण्याची टाळाटाळ करून दोन रुपयांची पावती पुढे करण्याचा मोह व्यवसायाला होतो. म्हणूनच सामाजिक दायित्वाच्या नियमांनी स्पष्ट केले आहे की कंपनीचा नित्याचा व्यवसाय आणि अन्य कायद्यान्वये तिच्यावर असलेले कर्तव्य ही ह्या खर्चात धरावयाची नाहीत. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर स्वतः केलेले नुकसान भरून देणे हे दान नव्हे. ते कर्ज फेडणे आहे. दान आणि दायित्व ह्यांतील हा भेद ह्या व्याख्यानाचा गाभा होय.

हा भेद समजून घेण्यासाठी गोमंतकीयांना दूर जावे लागत नाही. गावकरी संस्था, जिला पोर्तुगीजांनी कोमुनिदाद हे नाव दिले, ती ह्याच भूमीतील. १५२६ साली अफोंसो मेशिया ह्याने तिसवाडीच्या गावकऱ्यांच्या चालीरीती नोंदवून जो फोराल तयार केला, त्यावरून ह्या संस्थेचे जुने स्वरूप कळते. गावची जमीन कोणा एकाची नव्हे, गावाची. ती मक्त्याने द्यावयाची, येणाऱ्या उत्पन्नातून राजाचा वसूल भरावयाचा, गावच्या गरजा भागवावयाच्या, आणि त्यानंतर जे शिल्लक राहील ते गावकऱ्यांनी वाटून घ्यावयाचे. देवळाचा भट, सुतार, लोहार, धोबी, चर्मकार ह्या गावच्या सेवकांना जमीन मोफत देण्याची तरतूदही त्या फोरालात आढळते. गावकऱ्याच्या पदरी पडणाऱ्या वाट्याला झोण म्हणतात.

येथे क्रम ध्यानी घ्यावा. आधी वसूल, आधी बांध, आधी देऊळ, आधी सेवक, झोण शेवटी. गावाचे कर्तव्य हा उत्पन्नावरचा पहिला बोजा होता, नफ्यातून काढलेला तुकडा नव्हता. आजच्या कायद्यात नफा आधी मोजला जातो आणि दायित्व नंतर. गावकरीत दायित्व आधी भागविले जाई आणि उरेल तो नफा ठरे. वरवर पाहता हा केवळ जमाखर्चाच्या रकान्यांचा फरक वाटतो. वस्तुतः तो दोन जीवनदृष्टींचा फरक आहे.

ह्याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे खाजन शेती. मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या मुखांपासून आत दूरवर भरतीचे खारे पाणी शिरते. त्या काठांवरची सुमारे अठरा हजार हेक्टर जमीन पूर्वजांनी माती, पेंढा आणि चिरे ह्यांचे बांध घालून समुद्राच्या तोंडातून काढून घेतली. बांधाच्या बाहेर खारफुटीची झाडे लाटांचा जोर मोडतात. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचे दार. ओहोटीच्या वेळी आतले पाणी दार ढकलून बाहेर पडते आणि भरतीच्या पाण्याच्या दाबाने तेच दार आपोआप मिटते. विजेविना, यंत्राविना शतकानुशतके चाललेली ही रचना पाहून आजच्या अभियंत्यांनीही माना डोलवाव्यात. पावसाळ्यात तेथे खारेपण सोसणारे कोरगुट भात पिकते आणि मानशीच्या तोंडाशी मासळी व कोळंबी सापडते. कोठे कोठे त्याच पट्ट्यात मिठागरेही असतात.

परंतु ह्या व्यवस्थेच्या पोटात एक कलह दडलेला आहे. मानशीवरची मासळी पकडण्याचा हक्क पावणीने, म्हणजे लिलावाने दिला जातो. पावणीदाराला अधिक कोळंबी हवी असते. म्हणून अधिक खारे पाणी आत यावे, असे त्याला वाटते. शेतकऱ्याला भात हवे असते. त्याला खारे पाणी नको असते. पावणीदाराने झडप चार दिवस अधिक उघडी ठेवली तर त्याच्या टोपलीत भर पडते, आणि शेताचे मात्र मातेरे होते. मुरलेले मीठ धुऊन निघण्यास एक पावसाळा पुरत नाही. पुढे पाण्याच्या जोराने बांध खचला, तर एकट्या शेजाऱ्याचेच नव्हे, साऱ्या वांगडाचे शेत बुडते. ज्याने फायदा घेतला तो एक, आणि तोटा सोसणारे शंभर. आजच्या अर्थशास्त्रातील मोठमोठे ग्रंथ ज्या प्रश्नाची चर्चा करतात, तो हाच प्रश्न. आणि तो प्रत्येक खाजनाच्या दारात उभा आहे.

ह्यावर जुन्या व्यवस्थेने काढलेला तोडगा साधा होता. पावणीदाराने पाणी किती घ्यावे, ह्याला मर्यादा घालावयाची. पावणीचे पैसे गावच्या जमेत घ्यावयाचे आणि त्यांतून आधी बांध राखावयाचा. बांधाला भगदाड पडले तर वेळकाळ न पाहता सर्वांनी धावून जावयाचे. कारण त्या रात्री कोणाची पाळी आहे, हा वाद घालण्यास समुद्र अवधी देत नाही. व्यवसायाला बंदी नव्हती. मासळी धरण्यास कोणाची हरकत नव्हती. परंतु बांधाच्या सुरक्षिततेपलीकडे नफ्याला जागा नव्हती. शाश्वत व्यवसायाची याहून सोपी व्याख्या क्वचितच सापडेल.

एवढे सांगून गावकरीचे नुसते गोडवे गाणे मात्र सत्याला धरून होणार नाही. गावकरीत झोण मिळे तो गावकऱ्यांच्या पुरुष वंशजांना. बांधावर चिखल वाहणाऱ्या कष्टकऱ्याला, मुंडकाराला, स्त्रियांना तिच्या कारभारात आवाज नव्हता. ज्यांच्या घामावर व्यवस्था उभी होती त्यांना हिशेब विचारण्याचा अधिकार नव्हता, हे तिचे न्यून होय. पुढे गावकरीचे हिस्से विकले जाऊ लागले, गावाशी संबंध नसलेले भागधारक आले, आणि बांधापेक्षा झोणाकडे डोळे लागले. मुक्तीनंतर १९६४ चा कुळकायदा झाला. त्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा जमिनीचा मालक ठरला. हा न्याय होता आणि तो अवश्य होता. परंतु बांधाची राखण करण्याची सामायिक जबाबदारी ज्या शेतकरी संघांकडे सोपविली गेली, त्यांतील कित्येकांना ती पेलवली नाही. अनेक खाजने खाऱ्या पाण्याखाली गेली. ह्यावरून असा बोध घ्यावा लागतो की हक्क वाटून देता येतात, परंतु कर्तव्य वाटले गेले की ते कोणाचेच राहात नाही.

व्यापारधंद्यातही हा विचार नवा नाही. मालाच्या दर गाठीमागे धर्मादायाचे चार पैसे बाजूला काढणारा व्यापारी देशभर होता. महात्मा गांधींनी धनिकांना विश्वस्त म्हटले आणि त्या कल्पनेचे मूळ त्यांना ईशावास्योपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात दिसले. आधुनिक उद्योगात ह्या विचाराला मूर्त रूप देणाऱ्यांत जमशेटजी टाटा ह्यांचे नाव अग्रभागी येते. पोलादाचा कारखाना कोठे काढावयाचा हे ठरलेलेही नव्हते, तेव्हा १९०२ साली त्यांनी आपले पुत्र दोराबजी ह्यांना पत्र लिहून कळविले की कामगारांच्या नगरीत रस्ते रुंद असावेत, सावलीची झाडे लावावीत, हिरवळी आणि क्रीडांगणे असावीत, आणि हिंदूंची देवळे, मुसलमानांच्या मशिदी व ख्रिस्ती लोकांची चर्चे ह्यांसाठी जागा राखून ठेवावी. १९०४ साली ते निवर्तले. १९०७ साली कंपनी स्थापन झाली. तिने १९१२ साली आठ तासांचा दिवस, १९१५ साली मोफत वैद्यकीय मदत, १९२० साली भरपगारी रजा आणि भविष्यनिर्वाह निधी, तर १९२८ साली प्रसूतिकाळातील साहाय्य सुरू केले. कामाच्या तासांवर अशी मर्यादा देशातील कारखान्यांना कायद्याने सरसकट लागू होण्यास पुढे बराच काळ जावा लागला. महत्त्वाची गोष्ट अशी की हा खर्च वर्षाअखेरीच्या नफ्यातून दिलेली देणगी नव्हती. पोलाद बनविण्याच्या खर्चातच कामगाराचे आरोग्य धरले होते. येथेही तोच क्रम. आधी बांध, मग झोण.

आता ज्या विषयाचा उल्लेख गोमंतकातील सभेत थोड्या संकोचानेच होतो, त्याकडे वळणे भाग आहे. तो विषय खाणींचा. पोर्तुगीज सरकारने खाणींच्या सनदा दिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांसाठी लोहखनिज मुरगाव बंदरातून जाऊ लागले. मांडवी आणि जुवारीतून बार्जी धावू लागल्या. हजारो कुटुंबांची चूल ह्या धंद्याने पेटती ठेवली, हे नाकारता येणार नाही. खाणमालकांच्या देणग्यांतून शाळा निघाल्या, शिष्यवृत्त्या मिळाल्या, देवळांचे जीर्णोद्धार झाले. त्या देणग्यांच्या संगमरवरी पाट्या ठिकठिकाणी पाहावयास मिळतात.

परंतु ह्या जमेच्या बाजूसमोर खर्चाचीही बाजू आहे. एक टन खनिज काढण्यासाठी दोन-तीन टन टाकाऊ माती उपसावी लागते. ती माती डोंगराएवढी रचली जाते आणि पावसात वाहून शेतांत, ओहोळांत, नद्यांत उतरते. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की आजूबाजूच्या विहिरींचे पाणी तिकडे ओढले जाते. ज्या शिरगावात वैशाख शुद्ध पंचमीला श्री लईराईचे हजारो धोंड अग्निदिव्य करतात, त्याच गावची शेते आणि विहिरी खाणींमुळे निकामी झाल्याची तक्रार न्यायालयापर्यंत गेली. २००० सालानंतर चीनची मागणी वाढली आणि २०१०-११ साली गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. मानशीच्या पावणीदाराने झडप उघडी टाकावी, तसे हे झाले. न्यायमूर्ती शहा आयोगाने बेकायदा खाणकामामुळे सुमारे पस्तीस हजार कोटी रुपयांची हानी झाल्याचा अंदाज वर्तविला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबविल्या, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच आदेश दिला.

२१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल प्रत्येक गोमंतकीयाने समजून घ्यावा असा आहे. खाणींचे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपुष्टात आले होते, असे न्यायालयाने ठरविले. वर्षाला दोन कोटी टनांची कमाल मर्यादा घातली. आणि विक्रीच्या उत्पन्नातून दहा टक्के रक्कम एका कायम निधीत ठेवण्यास सांगितले, जेणेकरून भावी पिढ्यांचा वाटा राखला जावा. दहा टक्के कशाचे, हे पाहावे. नफ्याचे नव्हे, विक्रीचे. जे खनिज एकदा गेले की पुन्हा येत नाही, ते विकणे म्हणजे पीक विकणे नव्हे, घरातले सोने विकणे आहे. देवाचे दागिने विकून उत्सव साजरा करणाऱ्या समितीला महाजन काय म्हणतील? भूमीच्या पोटातल्या दागिन्यांना तोच न्याय लावावयास नको काय?

पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या. ह्या बंदीचा फटका कोणाला बसला? बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतलेल्या तरुणाला, बार्जीवरच्या खलाशाला, गॅरेजवाल्याला, खाणीच्या नाक्यावरच्या खानावळीला. लोभ एका ठिकाणी झाला आणि त्याची शिक्षा दुसऱ्याच ठिकाणी भोगावी लागली. शाश्वतता म्हणजे झाडे आणि पक्षी ह्यांचीच काळजी, असा कित्येकांचा समज आहे. तो ह्या तरुणाच्या दारात उभ्या राहिलेल्या, गंजू लागलेल्या ट्रकाकडे पाहून दूर व्हावा. बांध फुटला की शेताबरोबर पावणीदाराचेही मानस वाहून जाते. डिसेंबर २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव होऊ लागले आणि धंदा नव्या अटींवर उभा राहू लागला. म्हणून हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. झडप पुन्हा उघडली आहे. ती किती उघडावी, एवढेच ठरवावयाचे आहे.

मग महाजनांचे कर्तव्य कोणते? ह्या मंडपात खाणींवर उपजीविका केलेली कुटुंबे बसली आहेत आणि खाणींनी ज्यांची शेते गेली तीही बसली आहेत. दोघांची कुळदेवता एकच. देवासमोर एकमेकांना दोष देण्यापेक्षा तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, देणगी स्वीकारताना कृतज्ञतेबरोबर जिज्ञासाही असावी. एखाद्या उद्योगाने सभागृह बांधून देण्याची तयारी दाखविली, तर त्याचे आभार जरूर मानावेत. परंतु गावची तळी गाळाने भरली असेल, तर आधी ती उपसून देण्याची विनंती करण्याचे धैर्य समितीच्या अंगी असावे. दुसरी गोष्ट, ज्यांची मुले आज मोठमोठ्या कंपन्यांत अधिकारपदावर आहेत, त्यांनी घरात हा प्रश्न काढावा. शेअर बाजारात नोंद असलेल्या मोठ्या एक हजार कंपन्यांना आता दरवर्षी पाणी, ऊर्जा, कचरा आणि कामगार ह्यांविषयीचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. महाजनांपैकी अनेकांजवळ ह्या कंपन्यांचे शेअर असतील. लाभांशाचा आकडा वाचणाऱ्याने तो अहवालही वाचावा. कारण भागधारक हा आजचा गावकरी होय, आणि झोण घेणाऱ्यावर बांधाची जबाबदारी येतेच. तिसरी गोष्ट, देवस्थानने स्वतःपासून आरंभ करावा. निर्माल्याचे खत, जत्रेतील प्लास्टिकला फाटा, तळीचे आणि झरीचे रक्षण, देवराईतील झाडाला कुऱ्हाड न लावणे, आणि सेवेकऱ्यांना वेळेवर योग्य वेतन, ही कामे अंदाजपत्रकात उत्सवाच्या खर्चाआधी मांडावीत. जो स्वतःच्या घरचा क्रम बदलत नाही, त्याने उद्योगपतींना उपदेश करू नये.

देवळाच्या पायरीवर, खांबावर, कमानीवर दात्यांची नावे कोरलेली असतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या पूर्वजांनी गुडघाभर चिखलात उभे राहून खाजनाचे बांध घातले, त्यांच्या नावाची पाटी कोठेही नाही. त्यांनी दान केले नाही. त्यांनी आपले काम केले, आणि त्या बांधांच्या आधारावर शेकडो वर्षे गावे जेवली. ज्या दिवशी व्यवसाय करणारा प्रत्येक जण पाटीपेक्षा बांधाचा विचार आधी करील, त्या दिवशी सामाजिक दायित्वाच्या कायद्याची गरज उरणार नाही. तशी सुबुद्धी सर्वांना लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.